कॅमेऱ्याआधी कूलरची खिडकी

पुण्यात राहून मनीषनगरच्या बंद घरावर लक्ष ठेवायला चार कॅमेरे पुरतील का, असं तुम्ही विचारलंय. कॅमेरे लावाच, पण आधी कूलरची खिडकी बघा. आपल्या नागपुरात कूलरसाठी एका खिडकीचं ग्रील बरेचदा कापलेलं असतं. बाहेरच्या स्टँडवरचा कूलर सरकवला की सरळ आत शिरता येतं. कूलर घरात घ्या आणि तिथे लोखंडी ग्रील आतून बोल्ट मारून बसवा. माझ्या मते हे काम कॅमेऱ्यापेक्षा मोठं.

वायफायचा कॅमेरा वीज गेली की राउटरसकट बंद पडतो. सिमवर चालणारा, बॅटरीचा घ्या, पण पश्चिमेच्या भिंतीवर लावू नका. मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो, त्या उन्हात बॅटरी लवकर खराब होते.

पावसाळ्यात अंगणात गुडघाभर गवत वाढलं की घर बंद आहे हे गल्लीभर कळतं. दरमहा पैसे देऊन कोणाकडून तरी साफसफाई करून घ्या. शेजारच्या काकूंवर सगळा भार टाकू नका हो, त्यांचंही वय झालंय.

घरविम्याच्या अटीही वाचा. घर सलग ३० दिवसांपेक्षा जास्त रिकामं राहिलं तर चोरीची भरपाई न देणाऱ्या पॉलिसी असतात. बाजूचा मोकळा प्लॉटही तुमचाच असेल, तर आखीव पत्रिकेवरचं (शहरातल्या जमिनीच्या सरकारी नोंदीच्या उताऱ्यावरचं) नाव तपासा आणि कुंपण घाला. १९६३ च्या मुदत कायद्याने १२ वर्षांचा उघड, विरोधी ताबा, म्हणजे दुसऱ्याने मालकाच्या परवानगीविना, त्याचा हक्क नाकारून ठेवलेला ताबा, मालकाचा हक्क घालवू शकतो.