मदत हवी आहे: एकमेकींना चिकटलेल्या कोळंब्या फोटोत सुट्या कशा करायच्या?

नमस्कार मंडळी,

मामांचा कोळंबीचा घाऊक धंदा आहे, माल ससून डॉकवरून उचलतात. भाव काउंटवर ठरतो, म्हणजे किलोत नग किती. नमुना ओतून हाताने मोजायचा आणि मग त्यावरून हुज्जत घालायची, हे रोजचंच. म्हटलं, फोटो काढून ओपनसीव्हीने (फोटोवर काम करणारी प्रोग्रामिंग लायब्ररी) मोजू.

सुट्या कोळंब्या बरोबर मोजल्या जातात. टेकलेल्या असल्या की गाडं अडतं. सध्या ओत्सू थ्रेशोल्ड (उजेडाच्या फरकावरून कोळंबी मागच्या भागापासून वेगळी करणं), मग डिस्टन्स ट्रान्सफॉर्म (प्रत्येक बिंदू कडेपासून किती आत आहे ते अंतर), त्यातली शिखरं, म्हणजे सर्वांत आतले बिंदू, मार्कर (एकेका नगाची खूण) धरून वॉटरशेड (त्या खुणांपासून पसरत नगांमध्ये सीमा आखणं), असं करतोय. नाण्यांच्या फोटोवर हे झकास चालतं. पण कोळंबी पडली लांबट आणि वाकडी. एक शिखर डोक्याकडे, दुसरं कमरेत, की झाले एकीचे दोन नग! शिखर धरायचा थ्रेशोल्ड वाढवला तर बारीक कोळंब्या गायब. त्यात ओल्या पाठीवर ट्यूबलाइट चमकते आणि मास्कला (कुठे कोळंबी आहे ते दाखवणाऱ्या काळ्या-पांढऱ्या चित्राला) भोकं पडतात.

मेटाचं सॅमही (फोटोतल्या वस्तू कापून वेगळ्या करणारं तयार एआय मॉडेल) लावून पाहिलं. कडा सुरेख पकडतं, पण डोकं वेगळं, शेपटी वेगळी.

वॉटरशेडच सुधारू की मॉडेल ट्रेन करू? लॅपटॉपला जीपीयू (मॉडेल झटपट ट्रेन करणारी चिप) नाही. (काटा घ्या म्हणू नका, काटा आहे. नग मोजायचेत.)

प्रतिसाद १
आधी फोटो सुधारा. खाली निळं, चमक न मारणारं प्लास्टिक अंथरा आणि एचएसव्हीमध्ये (रंगछटा, रंगाचा गडदपणा आणि उजेड वेगवेगळे मांडायची पद्धत) ‘निळं नाही ते सगळं कोळंबी’ असा मास्क काढा. चमक पांढरी असते, त्यामुळे ती आपोआप मास्कमध्ये येते. मिशा ओपनिंगने (मास्कमधले बारीक धागे पुसणारी क्रिया) उडवा.
बारीक कोळंब्या जातात कारण थ्रेशोल्ड तुम्ही अख्ख्या फोटोतल्या सर्वांत मोठ्या अंतराच्या टक्क्यात धरताय, म्हणजे सर्वांत जाडी कोळंबी बाकीच्यांचं ठरवते. त्याऐवजी एच-मॅक्सिमा वापरा. दोन शिखरांमधली खिंड उथळ असेल तर ते एकच शिखर धरतं. स्कायकिट-इमेज या पायथन लायब्ररीत तयार फंक्शन आहे.

प्रतिसाद २
वरचं पटलं, पण कोळंब्या फक्त टेकलेल्या असतील तरच. एकमेकींवर चढलेल्या असतील तर वॉटरशेडचा नाद सोडा. तिथे योलोचं (फोटोतल्या वस्तू झटपट ओळखणारं एआय मॉडेल) सगळ्यात छोटं सेगमेंटेशन मॉडेल, म्हणजे प्रत्येक वस्तूचा आकार आखणारं, घ्या, ट्रेनिंग कोलॅबवर (गूगलचे ऑनलाइन कॉम्प्युटर) करा, नंतर लॅपटॉपचा सीपीयू पुरतो. लेबलिंगला (ट्रेनिंगच्या फोटोंत कोळंब्या आखून द्यायला) तेच सॅम वापरा: कोळंबीवर क्लिक करा, अर्धवट मास्क आला तर शेपटीवर आणखी एक क्लिक.
एक सांभाळा. तिरक्या पडलेल्या शेजारणींभोवती मॉडेलने आखलेल्या चौकटी एकमेकींवर इतक्या येतात की एनएमएस (दुबार सापडलेल्या चौकटी गाळणारी पायरी) एकीला डुप्लिकेट समजून टाकून देतं. आयओयूची (दोन चौकटी एकमेकींवर किती आल्या त्याचं माप) मर्यादा थोडी वर न्या. आणि माल एका थरात पसरा, खालच्या थरातली कोळंबी कुठल्याच मॉडेलला दिसणार नाही.

धागाकर्ता
दोघांचेही आभार. टक्क्यांचा घोळ अगदी तसाच आहे, आता एच-मॅक्सिमा लावतो. पसरायला मामा तयार आहेत, फक्त मोजून झाल्यावर लगेच बर्फात टाकायची अट आहे. योलोकडे वळलोच तर सोललेल्या मालाला वेगळा क्लास (मॉडेलने ओळखायचा वेगळा प्रकार) द्यावा का?