विषय: रविवारी ग्रीन बेची मॅच, तालमीची वेळ बदलता येईल का?

प्रेषक: सु. (नेपरव्हिल)
३१ डिसेंबर २०२४

नमस्कार मंडळी,

गुरुवारी रात्री लेकाला घेऊन सोल्जर फील्डला आपल्या शिकागो बेअर्सची अमेरिकन फुटबॉलची मॅच बघायला गेलो होतो. तिकिटं सप्टेंबरमध्येच काढली होती, तेव्हा वाटलं होतं डिसेंबरपर्यंत आपण प्लेऑफच्या गोष्टी करत असू. सिअ‍ॅटल ६, आपण ३. दोन्हीकडून एकही टचडाऊन (बॉल शेवटच्या रेषेपार नेणं) नाही. आपला क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकणारा, केलेब विल्यम्स, त्याला सात वेळा पाडलं, आणि शेवटी चौथ्या डाऊनला (शेवटच्या प्रयत्नाला) काहीतरी करायचं म्हणून फेकलेला बॉल त्यांच्या हातात गेला. त्याआधी ३५३ पास त्याने एकही इंटरसेप्शन न होऊ देता टाकले होते, रुकीसाठी (पहिल्याच वर्षाच्या खेळाडूसाठी) हा लीगचा रेकॉर्ड आहे, आणि तो असा तुटला.

आजूबाजूचे लोक 'सेल द टीम, सेल द टीम' ओरडायला लागले. लेकाने जॅकेटवरून केलेबची १८ नंबरची जर्सी चढवलेली होती, त्याने मान वर करून माझ्याकडे बघितलं, बाबा पण ओरडतायत का ते बघायला. मी नाही ओरडलो. घरी येईपर्यंत गाडीत एक शब्द बोलला नाही तो.

तर विनंती अशी की ५ तारखेला दुपारी बाराला शेवटची मॅच आहे, ग्रीन बेला. संक्रांतीच्या कार्यक्रमाची तालीम त्याच वेळी ठेवलीय. तालीम सकाळी घेतली तर हॉलमध्येच मोठ्या स्क्रीनवर सगळ्यांना एकत्र बघता येईल. काय म्हणता?

---

प्रेषक: मी. (शॉमबर्ग)
३१ डिसेंबर २०२४

सु. दादा, राग मानू नका पण माझं मत नाही असंच आहे. ४-२ वर होतो आपण (चार जिंकलो, दोन हरलो), लंडनला जॅक्सनव्हिलला ३५-१६ धुतलं तेव्हा माझ्या घरी शिरा केला होता मी. त्यानंतर सलग १० मॅच हरलो, दहा! पोरांना घेऊन दर रविवारी सोफ्यावर बसायचं आणि शेवटी त्यांची तोंडं उतरलेली बघायची, मला आता खरंच नाही बघवत. आणि ग्रीन बेच्या या पॅकर्सशी तर सलग ११ वेळा हरलोय, २०१८ च्या डिसेंबरनंतर एकदाही नाही जिंकलो. माझा धाकटा २०१९ चा आहे, त्याने आयुष्यात आपल्याला पॅकर्सला हरवताना बघितलेलंच नाही. बारा मुलांची तालीम एका हरलेल्या सीझनसाठी हलवायची का?

---

प्रेषक: व. काका (स्कोकी)
१ जानेवारी २०२५

सर्वांना नवीन वर्षाच्या शुभेच्छा.

मी. ताई, तुझं दुःख मला कळतं. मी १९७९ ला इथे आलो, १९८५ ची टीम या डोळ्यांनी बघितली, पेटन, सिंगलटरी, १५-१, आणि जानेवारीत न्यू इंग्लंडला ४६-१०. म्हणूनच सांगतो, यंदाची टीम वाईट नव्हती, यंदा शेवटचा मिनिट सांभाळणारं कोणी नव्हतं, आणि माझा सगळा राग त्याच्यावर आहे.

वॉशिंग्टनची मॅच आठव. २७ ऑक्टोबर. आपण पूर्णवेळ मागे, एक यार्डावरून लाइनमनच्या हातात बॉल दिला आणि तो सुटला, तरी पोरांनी २५ सेकंद राहिलेले असताना टचडाऊन करून १५-१२ आघाडी घेतली. पुढे काय? शेवटच्या प्लेच्या आधी त्यांना साइडलाइनला १३ यार्ड फुकट काढू दिले, कारण म्हणे लांबचं वाचवायचं होतं. आणि शेवटचा स्नॅप झाला (बॉल खेळात आला) तेव्हा आपला कॉर्नर, म्हणजे मागे बचाव करणारा, स्टीव्हन्सन प्रेक्षकांकडे तोंड करून हातवारे करत होता, बॉल चालू झालाय हे कळल्यावर धावत आला, उडी मारली, बोट लागलं, आणि बॉल मागे एकट्या उभ्या असलेल्या नोआ ब्राऊनच्या हातात. १८-१५. हातातोंडाशी आलेला घास गेला. माझ्या मते सीझन तिथेच मोडला.

मग पॅकर्स, २०-१९. टाइमआउट (घड्याळ थांबवायची संधी) हातात, अर्धा मिनिट शिल्लक, अजून पाच-सात यार्ड पुढे जाता आलं असतं, पण घड्याळ तसंच चालू दिलं आणि ४६ यार्डांवरून जिंकायची किक. ती अडवली गेली.

आणि थँक्सगिव्हिंगची डेट्रॉइटची मॅच. घरी २० माणसं होती माझ्या. हाफटाइमला १६-० मागे, तिथून पोरांनी ओढून आणलं, डेट्रॉइटच्या २५ यार्डांपर्यंत. केलेबला पाडलं तेव्हा घड्याळात ३२ सेकंद. एक टाइमआउट बाकी. मी टीव्हीसमोर उभा राहून ओरडतोय 'घ्या रे, घ्या', नातवंडं ओरडतायत, आणि साइडलाइनवर कोच नुसता बघतोय. सहा सेकंद राहिल्यावर स्नॅप, बॉल पडला, मॅच संपली, टाइमआउट खिशात तसाच. दुसऱ्या दिवशी एबरफ्लुसला काढलं. १९२० पासून या टीमने चालू सीझनमध्ये हेड कोच कधीच काढला नव्हता, यावरून समजा काय अवस्था झाली असेल.

अजून एक. ५ तारखेला व्हर्जिनिया मकास्कीबाईंचा १०२ वा वाढदिवस आहे. टीम उभी करणाऱ्या हॅलस यांची मुलगी, टीमची मालकीण. लोक टीम विका म्हणतात, त्यांचा राग खोटा नाही, पण वडिलांनी उभं केलेलं या बाईंनी ४० वर्षांवर जपलंय. त्या दिवशी आपण स्क्रीन बंद ठेवून बसायचं हे मला पटत नाही. मी येतो सकाळी हॉल उघडायला.

---

प्रेषक: मी. (शॉमबर्ग)
१ जानेवारी २०२५

काका, तुम्ही एवढं मनापासून लिहिलंत, मग माझं काय चालणार. तालीम ९ ला घेऊ, साडेअकराला संपवू. पोहे मी आणते. नाटकातल्या सगळ्या मुलांच्या आयांना वेगळा मेल टाकते.

---

प्रेषक: सु. (नेपरव्हिल)
५ जानेवारी २०२५

मंडळी, हात अजून थरथरतायत म्हणून चुका झाल्या तर समजून घ्या!!!

जे आले नाहीत त्यांच्यासाठी लिहितो. सुरुवातीलाच पंट रिटर्नला (त्यांनी लाथेने लांब मारलेला बॉल परत आणताना) कार्टरने बॉल आपल्याकडेच येतोय असं दाखवलं, पॅकर्सचे सगळे त्याच्याकडे धावले आणि बॉल दुसऱ्या टोकाला ब्लॅकवेलकडे, ९४ यार्ड, टचडाऊन. व. काका खुर्चीवरून उठलेच. मग आघाडी टिकली टिकली आणि शेवटी ५४ सेकंद असताना त्यांनी ५५ यार्डांवरून फील्ड गोल (तीन गुणांची किक) मारला, २२-२१. हॉलमध्ये एकदम शांतता. मी. ताईंनी पदराने डोळे पुसले हे मी बघितलं.

पण यावेळी घाई नाही, गोंधळ नाही. केलेबने मूरला १८ यार्डांचा पास दिला, आणि आपला किकर सॅन्टोस ५१ यार्डांवर उभा राहिला. नोव्हेंबरमध्ये ज्याची किक अडवली गेली तोच माणूस, तीच टीम समोर. लेकाने माझं मनगट धरलं होतं, त्याची नखं रुतली मला. बॉल मधोमध. २४-२२. पॅकर्सच्याच लॅम्बो मैदानावर!

५-१२ ने सीझन संपला, कागदावर ते तसंच राहणार. केलेबला वर्षभरात ६८ वेळा पाडलं, त्याच्यासमोरची लाइन बदलल्याशिवाय पुढच्या वर्षी काही होणार नाही हे मी जाणतो, आणि तरी त्या पोराने ३,५४१ यार्ड आणि २० टचडाऊन काढले, त्याच्यावर खापर फोडणाऱ्यांशी मी भांडणार. कोच कोण येतो ते बघू, डेट्रॉइटच्या बेन जॉन्सनचं नाव ऐकतोय, तो आला तर फार बरं होईल.

मी. ताई, तुमचा धाकटा मॅच संपल्यावर पण स्क्रीनसमोरून उठत नव्हता.

पुढची तालीम रविवार १२ तारखेला सकाळी १० ला, त्याच हॉलमध्ये. तिळगुळाच्या पुड्या बांधायला चार जण हवेत, नावं कळवा.