लाकूड खाता येतं का? माझं उत्तर: नाही

रानमोती:
"झाड नैसर्गिक आहे, मग लाकूड खाल्लं तर काय बिघडतं?" हा प्रश्न हल्ली बऱ्याचदा ऐकू येतो, म्हणून हा धागा. लाकडात 40 ते 50 टक्के सेल्युलोज असतं. तेही स्टार्चसारखं ग्लुकोजचंच बनलेलं, पण त्याच्या साखळीतली जोडणी वेगळी, आणि ती तोडणारं विकर आपलं शरीर तयारच करत नाही. वाळवीला आतड्यातल्या सूक्ष्मजीवांची साथ असते, गायीला पोटातल्या सूक्ष्मजीवांची आणि रवंथाची. आपल्याला काय? वर लिग्निन, म्हणजे लाकडाला कडकपणा देणारा घटक, आहेच; ते तर आणखी चिवट. पोट भरल्यासारखं वाटेल, अंगी काहीच लागणार नाही.

पानगळ:
साफ असहमत. पचत नाही म्हणजे घातक, हे कुठून आलं? पालेभाजीतलं सेल्युलोज तरी कुठे पचतं! लाकडाच्या लगद्यापासून केलेली सेल्युलोजची पूड ई 460 या क्रमांकाने खाद्यपदार्थांत वापरतात. किसलेल्या चीजच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून ती घालतात. फिनलंडमध्ये 1866 ते 1868 च्या दुष्काळात लोकांनी पाइनच्या झाडाची आतली साल वाळवून, दळून पिठात मिसळली. उत्तर युरोपातले सामी लोक तर दुष्काळ नसतानाही ती खात. दालचिनी ही सालच आहे आणि साबुदाण्यासारखा सागो ताडवर्गीय झाडाच्या खोडातून निघतो. सरसकट "नाही" म्हणणं म्हणजे हे सगळं ज्ञान मोडीत काढणं.

रानमोती:
पण यातलं लाकूड कोणतं? सागो हा गाभ्यातला स्टार्च. पाइनची आतली साल म्हणजे पानांत तयार झालेली साखर वाहून नेणारा जिवंत थर; बाहेरची खरखरीत साल खरवडून टाकली की दिसतो तो ओलसर, फिकट पापुद्रा. (तोही खोडाभोवती पूर्ण कडं करून काढला तर झाड मरतं.) ई 460 मधून लिग्निन काढलेलं असतं, पूड बारीक असते. फळीचा तुकडा चावलात तर टोकदार ढलपी घशात किंवा आतड्यात रुतू शकते.

कडूजहर:
आणि विषाचं काय? कण्हेरीचं पान, फांदी, साल, सगळंच हृदयावर घाला घालतं. यू नावाच्या झाडात बीभोवतीचा लाल गर सोडला तर सगळे भाग विषारी. इमारती लाकडाला कीड लागू नये म्हणून तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचं मिश्रण मुरवायचे. जुनी फळी कुठून आली हे तुम्हाला कळणार कसं?

पानगळ:
विषारी अळंबी असतात म्हणून आपण अळंबी खाणं सोडलं का? झाड ओळखायला शिकवा. फळी खा असं मी म्हणतच नाहीये, पण जंगलात अडकलेल्या माणसाला पाइनची आतली साल माहीत असेल तर तो थोडी तरी तग धरेल.

रानमोती:
पाइन आणि यू दोन्ही सूचिपर्णी, म्हणजे सुईसारख्या पानांची झाडं. भुकेने कासावीस झालेल्या, आधी कधी झाड न ओळखलेल्या माणसाकडून त्या वेळी ही निवड बरोबर होईल यावर माझा विश्वास नाही. ज्याने आधीच शिकून ठेवलंय त्याच्यापुरतं तुमचं म्हणणं मान्य.

निळीशाई:
एक वेगळा मुद्दा. काहींना लाकूड, माती, कागद चघळायची सतत ओढ लागते. याला पायका म्हणतात आणि त्यामागे बऱ्याचदा लोहाची कमतरता सापडते. घरात कुणाला अशी सवय असेल तर रागावू नका, हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारं) तपासून घ्या. लहान मूल जुना रंग दिलेलं लाकूड चघळत असेल तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगा, त्या रंगात शिसं असू शकतं.