डेअरी व्हॅलीचे सेरिटोस का झाले? गोठे वाचवण्यासाठी स्थापन झालेल्या शहराविषयी

नगररचना_वाचक

नमस्कार. लॉस एंजेलिसच्या आग्नेयेस सेरिटोस नावाचे उपनगरी शहर आहे. एप्रिल १९५६ मध्ये तिथल्या दुग्धव्यावसायिकांनी ‘डेअरी व्हॅली’ या नावाने ते स्थापन केले. शहर वसवणे हा त्यामागचा हेतू नव्हता. शेजारच्या शहरांनी हद्दवाढ करून आपले गोठे गिळू नयेत, एवढ्यासाठी ही धडपड होती. १९६० च्या जनगणनेत तिथे जेमतेम साडेतीन हजार माणसे होती आणि गाई त्यांच्या कितीतरी पट. जवळच्या ऑरेंज कौंटीत (कौंटी म्हणजे जिल्ह्यासारखा विभाग) डेअरी सिटी आणि डेअरीलँड ही शहरेही याच हेतूने उभी राहिली. पण डेअरी सिटीचे १९५७ सालीच सायप्रस झाले, डेअरीलँडचे १९६५ साली ला पाल्मा झाले आणि जानेवारी १९६७ मध्ये डेअरी व्हॅलीचे सेरिटोस झाले. १९८० पर्यंत त्याची लोकसंख्या पन्नास हजारांपुढे गेली होती.

माझे प्रश्न दोन आहेत. जमिनीचा वापर ठरवण्याचा अधिकार शेतकऱ्यांच्याच हाती असताना त्यांनी दहा-अकरा वर्षांत तो नेमका उलट कामासाठी, म्हणजे गोठ्यांच्या जागी घरे येऊ देण्यासाठी, का वापरला? आणि शेती मोडून होणारी वस्ती सहसा वेडीवाकडी वाढते, तशी ती इथे का वाढली नाही?

करव्यवस्था

पहिल्या प्रश्नाचे उत्तर मला मालमत्ता करात दिसते, पण त्याआधी हे शहर स्थापन करणे शक्य कसे झाले ते पाहायला हवे. शेजारच्या लेकवूडमध्ये १९५० पासून तीनच वर्षांत सुमारे साडेसतरा हजार घरे शेतांवर उभी राहिली आणि १९५४ साली लेकवूड स्वतंत्र शहर झाले. त्याने पोलीस, अग्निशमन अशा सेवा स्वतः न उभारता कौंटीकडून कंत्राटावर घेतल्या. या सोयीमुळे मोजक्या वस्तीच्या गावालाही शहराचा दर्जा परवडू लागला. डेअरी व्हॅलीच्या शेतकऱ्यांनी हीच वाट धरली.

हद्दवाढ त्यामुळे थांबली, परंतु जमिनीचे भाव काही थांबले नाहीत. कर आकारताना जमिनीवर आज काय उभे आहे यापेक्षा बाजारात तिला काय भाव येईल हे पाहिले जाई. कुंपणापलीकडे घरांची वसाहत झाली की अलीकडच्या गोठ्याचा करही चढत असे, दूध मात्र पूर्वीच्याच दराने विकले जाई. शेतजमिनीवर शेतीच्या उत्पन्नानुसार कर आकारण्याची सवलत देणारा विल्यमसन कायदा कॅलिफोर्नियात १९६५ साली आला. तोवर या भागातल्या बहुतेकांचे मन विक्रीकडे झुकले होते. शिवाय त्या सवलतीसाठी किमान दहा वर्षे जमीन शेतीतच ठेवण्याचा करार करावा लागे. दारात बांधकाम व्यावसायिक उभा असताना असा करार कोण करणार?

गोठ्याचा_जाणकार

वरील प्रतिसादाशी मी सहमत आहे, मात्र त्यात एक महत्त्वाची बाजू राहून गेली आहे. डेअरी व्हॅलीतले दुग्धोत्पादन हिरव्या कुरणावर चालणारे नव्हते. गाई उघड्या मातीच्या वाड्यात दाटीने ठेवलेल्या, वाड्याच्या कडेने लांबच लांब काँक्रीटची गव्हाण, तिच्या बाहेरच्या बाजूने वैरणीच्या ट्रकची वाट, मागे लसूणघासाच्या गठ्ठ्यांची थप्पी आणि पलीकडे शेणाचा ढीग, असे त्या गोठ्याचे रूप असे. वैरण दुरून येई. म्हणजे या व्यवसायाला तिथल्या मातीची गरज फार थोडी होती. गरज होती ती लॉस एंजेलिसच्या ग्राहकाची, कारण दूध नासायच्या आत त्याच्यापर्यंत पोहोचवावे लागे. शीतवाहने आणि फ्रीवे आल्यावर तीही अडचण उरली नाही. द्राक्षबाग उचलून नेता येत नाही, गोठा नेता येतो. पोर्तुगीज आणि डच वंशाच्या या कुटुंबांनी जमीन विकली, लॉस एंजेलिसच्या पूर्वेकडच्या चिनो परिसरात कितीतरी अधिक जमीन घेतली आणि कळप वाढवला. शेतजमिनीच्या मोबदल्यात दुसरी जमीन घेतल्यास नफ्यावरचा कर पुढे ढकलण्याची मुभा अमेरिकेच्या प्राप्तिकर कायद्यात होती, तिचाही लाभ दुग्धव्यावसायिकांना झाला. त्यामुळे ‘शेतकरी हरला आणि शहर जिंकले’ असे मांडणे मला पटत नाही. ज्याच्या नावावर जमीन होती तो सावरला; त्याच्याकडे धारा काढायला असलेल्या गड्याला या व्यवहारात वाटा नव्हता, हे मात्र कुठल्याही शहराच्या इतिहासात ठळकपणे लिहिले जायला हवे.

नगररचना_वाचक

दोघांचेही मनःपूर्वक आभार. दुसरा प्रश्न मात्र अजून शिल्लक आहे.

करव्यवस्था

त्याविषयी माझे मत असे आहे. साधारणतः शेतकरी अडचणीत आला की रस्त्यालगतचा तुकडा विकतो, मग मागचा विकतो, आणि पाहता पाहता नकाशाच्या चिंध्या होतात. डेअरी व्हॅलीत शहराच्या नियमांची घरबांधणीला आडकाठी असल्याने त्या वर्षांत असे तुकडे पडले नाहीत. १९६० च्या दशकात ही आडकाठी उठली तेव्हा गोठ्यांच्या मोठ्या सलग जमिनी एकदम बाजारात आल्या आणि रस्ते, उद्याने, शाळा यांची आखणी आधी करून मगच घरे बांधणे शहराला जमले. गाई वाचवण्यासाठी घातलेल्या बंदीने गाई वाचल्या नाहीत, नियोजनाला लागणारी अखंड जमीन मात्र वाचली. ऑरेंज कौंटीतल्या अर्व्हाइन या नियोजित शहरात विस्तीर्ण जमीन एकाच कंपनीकडे असल्यामुळे जे साधले, ते इथे अनेक मालकांच्या जमिनीवर काही अंशी साधले.

पुढे शहराला पैसा कमी पडला नाही, याचे श्रेय दुकानांतल्या विक्रीवर लागणाऱ्या आणि काही अंशी शहराला मिळणाऱ्या विक्री कराला द्यावे लागेल. जून १९७८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी ‘प्रपोझिशन १३’ हा प्रस्ताव मंजूर केला आणि मालमत्ता कर मूल्याच्या एक टक्क्यापर्यंत मर्यादित झाला. कॅलिफोर्नियातली शहरे दुकानांच्या मागे लागली ती विशेषतः यानंतर. सेरिटोसमध्ये फ्रीवेलगत मोठे मॉल होतेच. त्यात मोटारविक्रीची अनेक दालने एका ठिकाणी आणणारा ‘ऑटो स्क्वेअर’ उभा राहिला आणि त्यातून शहराच्या तिजोरीत भरघोस कर जमा होऊ लागला. हे यश शेजाऱ्यांच्या वाट्याचे ग्राहक ओढून मिळते, म्हणून मी त्याला आदर्श मानत नाही.

गोठ्याचा_जाणकार

चिनोचे पुढे काय झाले तेही सांगतो, कारण मूळ प्रश्नाशी त्याचा थेट संबंध आहे. तिथे कौंटीने दुग्धव्यवसायासाठी राखीव क्षेत्र ठरवले होते, तरीही १९९९ साली त्यातला मोठा भाग ऑन्टारियो शहराने हद्दीत घेतला. दक्षिणेकडच्या गोठ्यांवर वसलेले ईस्टव्हेल २०१० मध्ये स्वतंत्र शहर झाले. बरेच कळप आता कॅलिफोर्नियाच्या मध्य खोऱ्यातल्या टुलेरी आणि कर्न या कौंट्यांत गेले आहेत. चिनोच्या या जमिनींवर घरे बांधताना वर्षानुवर्षे साचलेले शेण आधी काढून टाकावे लागते आणि मातीत मिथेन वायू आहे का, हे तपासावे लागते. तो आढळला तर घराच्या पायाखाली वायू बाहेर नेणाऱ्या नळ्या बसवाव्या लागतात.