मदत हवी आहे: युरोपात भाड्याच्या गाडीने फिरताना टोल कसे भरायचे?

सप्टेंबरात आम्ही चौघं (मी, नवरा, सासूबाई, सासरे) म्युनिकला उतरतोय आणि तिथूनच गाडी भाड्याने घेतोय. रस्ता साधारण असा: म्युनिक, साल्झबुर्ग, तिथून इन्सब्रुकमार्गे ब्रेनर घाट ओलांडून इटलीत डोलोमाइट्स, मग कोमो, कोमोहून गॉटहार्ड बोगद्यातून लुझर्न, आणि बोडन्झे तळ्याच्या काठाने परत म्युनिक. व्हिसा, हॉटेलं, आंतरराष्ट्रीय परवाना सगळं मार्गी लागलंय. गाडं अडलंय ते टोलपाशी.

आपल्याकडे काचेवर फास्टॅग चिकटवला की पुण्याहून थेट बंगळूरपर्यंत तोच चालतो. तिकडे जर्मनीत कारला टोलच नाही, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडला ‘व्हिन्येट’ म्हणजे ठरावीक मुदतीचा पास, आणि इटलीत आपल्यासारखे नाके, एवढं वाचून कळलं. पण दोन्ही देशांचे ऑनलाइन पास गाडीच्या नंबरावर निघतात. भाड्याच्या गाडीचा नंबर किल्ली हातात पडेपर्यंत कळणार कसा? नवरा म्हणतो इथूनच काहीतरी घेऊन टाकू. सासऱ्यांचं म्हणणं, गाडीवाले बघून घेतील. मला दोन्ही पटत नाही.

शिवाय इटलीत काही रस्त्यांवर नाकाच नसतो, वर नुसते कॅमेरे असतात असंही वाचलं. मग पैसे कुणाला आणि कधी द्यायचे? आणि आपली कार्डं तिथल्या यंत्रांत चालतात का? या बाजूला गाडीने फिरून आलेल्यांनी कृपया सविस्तर लिहा.

प्रतिसाद १

तुमचंच बरोबर आहे, इथून काहीही घेऊ नका. चुकीच्या नंबरावर काढलेला पास म्हणजे पास नसल्यातच जमा. म्युनिकच्या काउंटरवर दोन गोष्टी विचारा: गाडीवर ऑस्ट्रिया किंवा स्वित्झर्लंडचा पास आधीच आहे का, आणि तिन्ही देशांत गाडी न्यायला परवानगी आहे का. जर्मनीत घेतलेल्या गाडीवर सहसा पास नसतो. मग पार्किंगमध्ये नंबरप्लेटचा फोटो काढा आणि हॉटेलवर बसून निवांत फोनवरून पास घ्या.

साल्झबुर्गसाठी मात्र तेवढीही घाई नाही. सरहद्दीवरच्या वाल्सरबेर्गपासून साल्झबुर्ग नॉर्डपर्यंतचा ए-१ रस्ता डिसेंबर २०१९ पासून व्हिन्येटमधून वगळलाय, म्हणजे गावात जाऊन यायला पास लागत नाही. तिथून हालस्टाटकडे ए-१० ने गेलात तर लागेल. साल्झबुर्ग ते इन्सब्रुक जाताना नकाशा तुम्हाला बहुधा पुन्हा जर्मनीतून, रोझेनहाइमवरून नेईल. कुफस्टाइनला परत ऑस्ट्रियात शिराल. तिथेही कुफस्टाइन-स्यूडपर्यंत सूट आहे, पुढे ए-१२ ला पास हवाच. एका दिवसाचा पास २०२४ पासून निघालाय, पण तो चोवीस तासांचा नसतो, त्याच तारखेच्या मध्यरात्री संपतो. २०२५ मध्ये तो ९.३० युरोला होता आणि दहा दिवसांचा १२.४० ला. तीन युरोंसाठी घड्याळाकडे बघत गाडी कशाला चालवायची? दहा दिवसांचाच घ्या.

आता खरी गोम. इन्सब्रुकच्या पुढचा ब्रेनरचा ए-१३ या पासात येत नाही. त्याला वेगळा टोल आहे. तो आस्फिनाग या सरकारी महामार्ग कंपनीच्या संकेतस्थळावर नंबर टाकून आधी भरता येतो, नाहीतर श्यॉनबेर्गच्या नाक्यावर कार्डाने किंवा रोख. ‘पास घेतलाय ना, मग परत पैसे कशाचे’ म्हणून तिथे वाद घालणारे आपले लोक मी पाहिलेत.

आणि पास घेताना पत्ता नीट बघा. शोध घेतला की सर्वांत वर पुष्कळदा दलालांची दुकानं येतात. तोच पास, वर त्यांची फी. ऑस्ट्रियाला आस्फिनाग आणि स्वित्झर्लंडला तिथल्या संघीय सीमाशुल्क खात्याचं पोर्टल, बाकी कुणाकडे जायचं नाही.

प्रतिसाद २

इटलीचं मी सांगतो, तिथे बराच फिरलोय.

ब्रेनर उतरलात की ए-२२ वर विपितेनोच्या नाक्यावर तिकीट घ्यायचं आणि जिथे बाहेर पडाल तिथे पैसे द्यायचे. ओर्तिसेईच्या बाजूला राहणार असाल तर किउझा–वाल गार्देनाला बाहेर पडा. तिकीट जपून ठेवा, सासूबाईंच्या पर्समध्ये ठेवलंत तर उत्तम. हरवलं तर सर्वांत लांबच्या नाक्यापासूनचा टोल लावतात.

बाहेर पडताना लेन निवडायची ती पाटी बघून. पिवळी ‘टेलेपास’ लेन आपली नाही, ती तिथल्या टॅगवाल्यांची. निळी कार्डाची. पांढऱ्या पाटीवर नाणी-नोटांचं चित्र असेल तिथे रोख चालते. चुकून पिवळ्या लेनमध्ये शिरलात तर काहीही झालं तरी मागे घेऊ नका. यंत्रावर मदतीचं बटण असतं, ते दाबा. कार्ड चाललं नाही तरी तसंच: यंत्र न भरलेल्या टोलची चिठ्ठी देतं, दांडा उघडतो, आणि पंधरा दिवसांत ऑनलाइन भरलं की जादा काही पडत नाही.

तुम्ही वाचलेले बिननाक्याचे रस्ते म्हणजे कोमो–वारेसेच्या आसपासचे ए-३६, ए-५९ आणि ए-६०. व्यवस्था पेदेमोंताना लोम्बार्दा कंपनीची. कमानीवरचा कॅमेरा नंबर टिपतो, तुम्ही पंधरा दिवसांत कंपनीच्या संकेतस्थळावर नंबर टाकून पैसे भरायचे. कुणी आठवण करत नाही, बिलही येत नाही. नकाशा तुकड्यातुकड्याने या रस्त्यांवर घालतो आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. म्हणून कोमोला पोचलात की त्याच संध्याकाळी नंबर टाकून बघा.

प्रतिसाद ३

कार्डाबद्दल. रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे आपल्या कार्डांवर परदेशी व्यवहार मुळात बंद असतात. निघण्याआधी बँकेच्या अ‍ॅपमधून ते चालू करा, मर्यादाही बघून घ्या. ऑनलाइन पास घेताना ओटीपी येईल, तेव्हा ज्या नंबरावर तो येतो ते सिमकार्ड रोमिंगसह फोनमध्ये हवं. पुष्कळ जण तिकडचं ई-सिम घेतात आणि इकडचं बंद करून बसतात, मग पैसे असूनही पास निघत नाही. नाक्यावरच्या यंत्राला पिन लागला तर तो पाठ पाहिजे. मी दोन वेगळ्या बँकांची कार्डं आणि थोडे सुटे युरो जवळ ठेवते.

प्रतिसाद ४

टोल नाही, पण टोलसारखाच खिसा कापणारा प्रकार: इटलीतल्या जुन्या गावांतलं ‘झेडटीएल’, म्हणजे फक्त परवानाधारक गाड्यांचा भाग. लाल वर्तुळाची पाटी आणि कॅमेरा. कोमोच्या तटबंदीच्या आतही आहे. आम्ही परत आल्यावर बऱ्याच महिन्यांनी भाडेकंपनीने आमच्या कार्डावरून ‘प्रशासकीय फी’ कापली. ती दंडाची नव्हतीच, आमचं नाव-पत्ता पोलिसांना कळवण्याची होती! दंडाची नोटीस नंतर वेगळी. इटलीबाहेरच्या पत्त्यावर नोटीस पाठवायला त्यांना ३६० दिवसांची मुदत असते. हॉटेल अशा भागात असेल तर आधी मेल करून विचारा, ते गाडीचा नंबर नोंदवून देतात.

मिलानमध्ये शिरणार असाल तर मध्यभागात ‘एरिया सी’ आहे. सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेसात ते संध्याकाळी साडेसात, दिवसाला ७.५० युरो, दुसऱ्या दिवसाच्या मध्यरात्रीपर्यंत भरता येतात. माझं मत विचाराल तर गाडी बाहेर लावा आणि मेट्रोने जा.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. सासऱ्यांना प्रतिसाद ४ मोठ्याने वाचून दाखवला, आता ‘गाडीवाले बघून घेतील’ बंद झालंय. राहिला स्वित्झर्लंड. आम्ही तिथे जेमतेम चार दिवस असू. कमी दिवसांचा पास मिळतो का? आणि गॉटहार्डला ब्रेनरसारखं वेगळं काही?

प्रतिसाद १

नाही, कारसाठी तिथे एकच पास, वर्षाचा, ४० फ्रँक. चार तास जा की चार महिने. कुरकुर सगळेच करतात, पण त्यात गॉटहार्डचा जवळजवळ सतरा किलोमीटरचा बोगदा फुकट येतो. वेगळे पैसे ग्रेट सेंट बर्नार्डसारख्या एखाद्या बोगद्याला, तो तुमच्या वाटेवर नाही. १ ऑगस्ट २०२३ पासून स्टिकरच्या जोडीला ई-व्हिन्येट आलंय. भाड्याच्या गाडीला तेच बरं, काच खरवडायला नको. कोमोच्या मुक्कामी आदल्या रात्री घेऊन ठेवा, म्हणजे कियास्सोच्या सरहद्दीवर थांबायला नको. पासाविना महामार्गावर सापडलात तर २०० फ्रँक दंड, वर पासाचे पैसे वेगळे.

परतीला झांक्ट मार्ग्रेटेनवरून ऑस्ट्रियाचा कोपरा ओलांडाल. तिथे होहेनेम्स ते ह्योर्ब्रान्झ हा ए-१४ चा तुकडाही सूट असलेला आहे, म्हणजे तोवर दहा दिवसांचा पास संपला असला तरी बिघडत नाही. आणि नंबर टाकताना देश ‘जर्मनी’ निवडा. गाडी घेतलीत म्युनिकमध्ये तरी प्लेटवर दुसऱ्याच शहराची अक्षरं असू शकतात, त्यामुळे अंदाजाने काही भरू नका. ‘ओ’ अक्षर आणि शून्य यांच्यात गल्लत होते, ते गाडीच्या कागदांवरून ताडून मगच पैसे भरा.