बेटावर नक्की कोणाची रेंज धरते? तिन्ही कंपन्यांचे नकाशे हिरवेगार आहेत

पैलतीर:
मंडळी, जरा मदत करा. पुढच्या महिन्यापासून चारपाच महिने एका बेटावर राहायला जातोय, बायकोचं संशोधनाचं काम आहे आणि मी घरून काम करणार म्हणजे आता बेटावरून. बेट लहान आहे, या टोकापासून त्या टोकापर्यंत आठेक किलोमीटर, मधोमध टेकडी, आणि समोरचा किनारा साधारण अकरा किलोमीटर लांब. वस्त्या दोनच, एक धक्क्यापाशी आणि दुसरी टेकडीच्या पलीकडे मोकळ्या समुद्राच्या बाजूला. घर अर्थातच पलीकडच्या वस्तीत मिळालंय.

तीन कंपन्या आहेत, नावं नको, भांडणं सुरू होतात, क ख ग म्हणू. तिघांच्याही नकाशावर अख्खं बेट हिरवं आहे, टेकडीसकट. मागच्या आठवड्यात दोन दिवस जाऊन आलो, माझं सिम क चं. धक्क्यावर रेंजच्या सगळ्या काड्या फुल, पण साधा व्हिडिओ कॉल धड होईना. घराच्या अंगणात एक काडी, आत गेलं की तीही गायब. रात्री दहाला बघतो तर गच्चीवर चार काड्या! वाटलं जमलं, सकाळी उठून पाहिलं तर परत काही नाही. हे काय भुताटकीचं प्रकरण आहे? आणि तिघांत कोणाचं सिम घेऊ? मला रोज दोनतीन तास कॉल असतात, बाकी ईमेल वगैरे, फार मोठं डाउनलोड नाही.

टॉवरखालचा:
मी काही वर्षं टॉवर उभारणीच्या कामात होतो म्हणून लिहितो. पहिलं म्हणजे तो नकाशा विसर. तो कोणी बेटावर फिरून मोजून रंगवलेला नसतो, बहुतेक वेळा कॉम्प्युटरवर हिशोब करून काढतात, टॉवरची उंची, जमिनीचा चढउतार, फ्रिक्वेन्सी घालायची आणि मोकळ्या जागेत उभ्या माणसाच्या हातात किती सिग्नल येईल ते बघायचं. मोकळ्या जागेत! जाड दगडी भिंतीच्या आत किंवा पत्र्याखाली काय होतं ते त्या हिरव्या रंगात नसतं. पाण्यावरून सिग्नल अडथळ्याशिवाय जातो म्हणून बेटं नकाशावर आणखीच छान दिसतात, आणि टेकडीची पाठ कधीकधी हिशोबात नीट येतच नाही.

दुसरं, काड्या बघणं बंद कर. काड्या किती दाखवायच्या हे फोनवाला ठरवतो, एकाच जागी दोन फोन वेगळं दाखवतील. खरा आकडा बघ. अँड्रॉइडमध्ये सेटिंगमधे फोनच्या माहितीत सिमचं स्टेटस असतं तिथे सिग्नल स्ट्रेंथ उणे डीबीएममध्ये (सिग्नलची ताकद मोजायचं एकक) दिसते, आयफोनवर *३००१#१२३४५#* डायल केलं की फील्ड टेस्ट म्हणजे सिग्नलचे आकडे दाखवणारा पडदा उघडतो. ४जी साठी ढोबळ माप सांगतो, उणे ८५ च्या आसपास मस्त, उणे १०० ला काम चालतं, उणे ११० ला घरात शिरलं की बोंब, उणे १२० म्हणजे कधी तुटेल नेम नाही. लक्षात ठेव उणे आहे, म्हणजे ९० हा ११० पेक्षा चांगला, यात भलेभले चुकतात.

तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं, कंपनी कोणती हा प्रश्नच नंतरचा. आधी टॉवर कुठे आहेत ते शोध. बेटावर कोणाचा स्वतःचा टॉवर आहे आणि कोण समोरच्या किनाऱ्यावरून तुझ्यावर सिग्नल फेकतंय? किनाऱ्यावरून येणारा टेकडीला अडणार, विशेषतः १८०० आणि २१०० मेगाहर्ट्झवाला, आणि ३५०० वाला ५जी तर पलीकडच्या बाजूला विसरच. ७०० ते ९०० मधला सिग्नल टेकडीला थोडा वळसा घालतो, भिंतीतूनही त्यातल्या त्यात बरा शिरतो. मोफत ॲप मिळतात, फोन कुठल्या बँडवर (फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्यावर) आणि कुठल्या सेलवर (टॉवरच्या कुठल्या भागावर) बसलाय ते सांगतात, तेवढं बघितलंस तरी अर्धं कोडं सुटेल.

ओहोटीवाला:
भुताटकी नाही हो ती, हवा आहे. मी बारा वर्षं बेटावर राहतोय (तुमच्या नाही, वेगळ्या). शांत उबदार रात्री समुद्राच्या गार पाण्यावर गरम हवेचा थर बसतो आणि सिग्नल त्या दोन्हींच्या मधे पन्हळीतून गेल्यासारखा लांबवर वाहत येतो. एरवी ५० मीटर उंचीच्या टॉवरचा सिग्नल सपाट समुद्रावर तुमच्या हातातल्या फोनपर्यंत सरळ रेषेत जेमतेम पस्तीसेक किलोमीटर पोचतो, पुढे पृथ्वीची गोलाई आडवी येते. पण अशा रात्री त्याच्याही पलीकडचे टॉवर दिसतात. तुमच्या चार काड्या कुठल्यातरी भलत्याच किनाऱ्याच्या असणार. त्यावर भरवसा ठेवून मीटिंग लावू नका, मी एकदा लावली होती आणि निम्म्यात वारं सुटलं.

जुन्या २जी ची तर अजून गंमत. सिग्नल कितीही दणदणीत असू दे, साध्या सेटिंगमध्ये टॉवर ३५ किलोमीटरच्या पुढे असला की कॉल लागतच नाही, कारण फोनचं उत्तर ठरलेल्या वेळेच्या खिडकीत टॉवरला पोचत नाही. रेंज फुल आणि फोन मुका. ४जी मधे ती हद्द बरीच पुढे सरकलीय म्हणा.

आणि भरती ओहोटी! यावर लोक हसतात पण खरं आहे. समोरच्या किनाऱ्यावरून सिग्नल दोन वाटांनी येतो, एक थेट आणि एक पाण्यावर आपटून. पाणी वरखाली झालं की दुसरी वाट लांबआखूड होते, दोन्ही एकमेकांना साथ देतात किंवा एकमेकांनाच खातात. माझ्याकडे पाणी अर्ध्यावर आलं की एका नेटवर्कचा स्पीड नेमका पडायचा, मी भरतीचं वेळापत्रक भिंतीला लावून कॉल ठरवायचो. म्हणून चाचणी एकदाच करू नका, एका दिवसात निदान भरतीला ओहोटीला आणि मधे अशी तीनदा करा.

जुगाडू:
एवढं फिजिक्स कशाला, तिन्हींचं प्रीपेड घे आणि महिनाभर वापर. ड्युअल सिम फोन असेलच. आणि दुसऱ्यांचे टॉवर भाड्याने घेऊन स्वस्तात सिम विकणाऱ्या कंपन्या असतात ना, त्यांचं सिम चाचणीला उत्तम, टॉवर तोच असतो. फक्त गर्दीच्या वेळी मूळ कंपनीचे ग्राहक आधी, तू नंतर असं होऊ शकतं, आणि वायफाय कॉलिंग द्यायलाही कधीकधी टाळाटाळ करतात, म्हणून कायमचं घेताना विचार कर.

एक खबरदारी, फोन जुना असेल तर व्होल्टी, म्हणजे ४जी वरूनच साधा कॉल, चालतं का बघ. बऱ्याच देशांत ३जी बंद झालंय, काही ठिकाणी २जी पण. मग ४जी वर नेट चालतं आणि कॉल लागत नाही असला विनोद होतो.

नभोवाणी:
माझं मत वेगळं आहे, मोबाईलच्या नादी लागूच नका, सॅटेलाइट इंटरनेट घ्या आणि मोकळे व्हा. हल्लीचे उपग्रह ५५० किलोमीटरच्या आसपास फिरतात त्यामुळे आवाज मागे पडत नाही, जुन्या डिशचा उपग्रह जवळजवळ ३६,००० किलोमीटरवर असायचा, नमस्कार म्हटलं की पाऊण सेकंदाने उत्तर यायचं.

टॉवरखालचा:
@नभोवाणी बरोबर आहे पण चार महिन्यांसाठी उपकरण घ्यायचं, होडीतून न्यायचं, मोकळं आकाश पाहिजे, वीज खातं ते वेगळं, आणि तिथे परवानगी आहे का तेही बघायचं. कायमचं राहायला जाणार असता तर मीही हेच म्हटलं असतं.

पैलतीर, धक्क्यावर फुल काड्या आणि कॉल होत नाही म्हणालास त्याचं सांगतो. बेटावरच्या टॉवरला पुढे जोडणारी लिंक लागते. कुठे समुद्राखालून फायबर असतं, कुठे नुसती मायक्रोवेव्हची डिश समोरच्या किनाऱ्याकडे तोंड करून. टॉवर आणि तुझा फोन यांच्यात मस्त चाललंय पण टॉवरच्या मागे चिंचोळी गल्ली आहे, आणि होडी लागली की शंभर माणसं एकदम फोन काढतात. हे काड्यांत दिसत नाही आणि डीबीएममध्ये पण दिसत नाही, फक्त स्पीड टेस्टमध्ये दिसतं. अपलोड बघायला विसरू नको, कॉलला तेच लागतं. टॉवर दहावीस वॅटने ओरडतो, तुझा फोन जास्तीत जास्त पाव वॅटने पुटपुटतो, त्यामुळे तुला ऐकू येतंय म्हणून त्याला ऐकू जातंय असं नाही.

आणि तिथल्या लोकांना एक प्रश्न नक्की विचार, लाइट गेल्यावर कोणाचं नेटवर्क किती वेळ टिकतं? टॉवरच्या बॅटऱ्या काही तासांच्या असतात, वादळात होडी बंद म्हणजे टेक्निशियन बंद. तिघांची उपकरणं एकाच खांबावर आणि एकाच मागच्या लिंकवर असली तर तीन सिम घेऊनही तिन्ही एकदम मरणार.

पैलतीर:
सगळ्यांचे आभार, परत जाऊन तीन दिवस राहून आलो. उधार मागून तिन्हींची सिमं घेतली, तीन फोन एका पाटावर ठेवून घरभर फिरलो, बायकोला वाटलं डोकं फिरलं. निकाल असा.

क आणि ग एकाच खांबावर आहेत, धक्क्यापाशी. क माझ्या अंगणात उणे ११३ आणि खोलीत उणे १२२, म्हणजे बादच. ग अंगणात कधी उणे ९६ तर कधी काहीच नाही, ॲपमध्ये बघितलं तर बसायचं ते बेटाच्या टॉवरवर नाहीच, दक्षिणेच्या किनाऱ्यावरच्या कुठल्यातरी सेलवर. ओहोटीवाले तुमची पन्हळ हीच. डाउनलोड २० एमबीपीएस दाखवायचं आणि अपलोड शून्य पूर्णांक काहीतरी, समोरच्याला माझा फक्त पुतळा दिसत होता.

ख ची नकाशावरची हिरवी छटा तिघांत फिकी आहे, मी ते विचारातच घेतलं नव्हतं. त्यांचा एक जुना टॉवर टेकडीच्या खांद्यावर निघाला, ८०० मेगाहर्ट्झवर. अंगणात उणे ९७, आत उणे १०९, भरती, ओहोटी आणि मधे अशा तिन्ही वेळेला दोनचार डीबीएमचाच फरक. स्पीड काही खास नाही, ८ खाली आणि ४ वर, पण पाऊण तासाचा कॉल एकदाही तुटला नाही. शेजारच्या आजींना लाइटचं विचारलं, त्या म्हणाल्या टेकडीवरचा सकाळपर्यंत चालतो, धक्क्यावरचा जेवणं होईपर्यंत.

आता माळ्यावरच्या खिडकीत सिमवाला राउटर ठेवून आत वायफाय करायचा विचार आहे, खिडकीतून टेकडी दिसते. सिग्नल वाढवणारा बूस्टर आणू का?

टॉवरखालचा:
बूस्टर नको. बऱ्याच देशांत परवानगीशिवाय लावणं गुन्हा आहे, आणि वाईट लावला तर अख्ख्या वस्तीचं नेटवर्क बिघडवतो. राउटरला बाहेरच्या अँटेनाची दोन तोंडं असलेला घे, दोन्ही जोड, एकच जोडू नको. केबल जितकी आखूड तितकी चांगली, दहा मीटर स्वस्त वायर घातलीस तर अँटेनाने कमावलेलं वायर खाईल. राउटर खिडकीत आणि वायर एक मीटर, बस.

ओहोटीवाला:
आणि क चं सिम फेकू नका. फोनच्या दुसऱ्या खणात असू द्या, धक्क्यावर होडीची वाट बघताना तेच उपयोगी पडेल. इमर्जन्सी कॉल तर बहुतेक देशांत ज्या कोणाचा टॉवर दिसेल त्यावरून जातो, तुमचं सिम कोणाचंही असो.

पैलतीर:
राउटर आला, दोन अँटेना टेकडीकडे तोंड करून, उणे ८८! आज पहिली मीटिंग झाली. मधेच एकाने विचारलं मागे लाटांचा आवाज येतोय का, मी म्हटलं पंखा आहे.

जुगाडू:
😂 उधारीची सिमं परत केलीस का?

पैलतीर:
ग चं अजून माझ्याकडेच आहे. आज रात्री वारं पडलेलं आहे, बघतो किती लांबचा टॉवर सापडतो ते.