छोट्या बारचं किचन हातात आलंय, मेनू छोटा ठेवू की मोठा?

झारा_आणि_कढई:
नमस्कार मंडळी, पुढच्या महिन्यापासून एका छोट्या बार-रेस्टॉरंटचं किचन मी बघणार आहे. वीस-बावीस खुर्च्या, चार बर्नर, एक ओव्हन, एक फ्रीज, मदतीला एकच मुलगा. येणारे सगळे आसपासचेच, कामावरून सुटले की घरी जायच्या आधी तासभर टेकणारे. मालकांना ऐंशी पदार्थांचा मेनू पाहिजे, म्हणतात गिऱ्हाइकाला चॉइस लागतो. मला वाटतं दहा-बाराच ठेवावेत पण गरम, पोटभर आणि आठवड्यातून तीनदा आलं तरी खिशाला झेपतील असे. दारूसोबत तोंडात टाकायला काहीतरी, एवढ्यापुरतं मला हे किचन चालवायचं नाहीये, माणूस जेवून गेला पाहिजे. स्वस्त ठेवून हे जमतं का? आणि मालकांना कसं पटवू?

मोठं_पातेलं:
जमतं, आणि छोट्या मेनूनेच जमतं. मी अशाच एका ठिकाणी सहा वर्षं काढली. सुरुवातीला आमचा मेनू चार पानी होता, फ्रीज उघडला की तीस-चाळीस डबे, प्रत्येकात मूठ मूठ काहीतरी, आणि आठवड्याच्या शेवटी त्यातलं अर्धं कचऱ्यात. मेनू चौदावर आणला तेव्हा कुठे मला रोज ताजा कांदा चिरायला वेळ मिळायला लागला.

स्वस्तात चांगलं द्यायचं तर जे शिजायला वेळ घेतं ते घे. खांदा, नळी, पाया, सगळे चिवट म्हणून स्वस्त असलेले भाग मंद आचेवर तीन-चार तास ठेवले की त्यातला चिवटपणा विरघळून रश्शाला तो ओठाला चिकटणारा दाटपणा येतो, महागाच्या मऊ तुकड्याला तो कधीच येत नाही. कडधान्य, बटाटे, कांदा यांचंही तेच, पैसा कमी आणि वेळ जास्त लागतो. दुपारी चढवून ठेवलं की संध्याकाळी गर्दीत फक्त वाढायचं काम उरतं, दोन माणसांत होऊन जातं.

फक्त एक गोष्ट मनावर घे. मोठं पातेलं तसंच झाकून रात्रभर ठेवायचं नाही म्हणजे नाही. आम्ही एकदा ठेवलं, सकाळी वरून गार पण पळी आत घातली तर मधे अजून कोमट, वास एकदम चांगला येत होता तरी सगळं ओतून दिलं. ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या मधे जंतू भराभर वाढतात आणि मोठं पातेलं त्या टप्प्यात तासन् तास बसून राहतं. उथळ ट्रेमधे पसरायचं, दोन तासांत २१ अंशांखाली आणि पुढच्या चार तासांत ५ पर्यंत न्यायचं, प्रत्येक ट्रेवर तारखेची पट्टी. पुन्हा गरम करताना आतपर्यंत ७५. थर्मामीटर पहिल्या दिवशीच घे.

वही_आणि_पेन:
मालकांना आकड्यात सांगा, चवीवर बोललात तर वाद होईल. साधारणपणे जेवणाच्या विक्री किमतीत कच्च्या मालाचा वाटा ३० टक्क्यांच्या आसपास धरतात, ड्रिंक्समधे तो त्याहून कमी असतो आणि तिथे चिरायला-शिजवायला माणूस लागत नाही, माल नासतही नाही. म्हणजे भाड्याचा भार बराचसा बार उचलतो. म्हणून तुम्ही जेवणावर ३५ टक्के गेले तरी चालवून घ्या असं मागू शकता, पण बदल्यात वाया जाणारा माल जवळजवळ शून्यावर आणायचा. मी सांगेन की दोन आठवडे रोज रात्री फेकलेलं वजन करून वहीत लिहा, कुठला पदार्थ किती गेला तेही लिहा. ऐंशीपैकी पन्नास पदार्थ आठवड्यात एकदाही मागवले जात नाहीत हे त्यांच्याच बिलांवरून दिसलं की ते स्वतःच खोडतील.

कोपऱ्यातलं_टेबल:
मी किचनवाली नाही, नेहमीची गिऱ्हाईक आहे. एकटी राहते, दारू क्वचित घेते, तरी आठवड्यातून दोनदा घराजवळच्या एका बारमधेच जेवते कारण तिथे बसल्यावर कुणी घाई करत नाही. रे ओल्डनबर्ग नावाच्या समाजशास्त्रज्ञाने १९८९ मधे घर आणि काम सोडून माणसाला लागणाऱ्या अशा बसायच्या ठिकाणांना तिसरी जागा म्हटलं होतं, ते मला तिथे अगदी पटतं.

माझी मागणी एवढीच की अर्धी प्लेट ठेवा. एकट्या माणसाला पूर्ण प्लेट म्हणजे एक तर टाकायचं नाहीतर मागवायचंच नाही. आणि वाटी गरम करून वाढा! आमच्याकडची ताई ओव्हनवर वाट्यांची चळत ठेवते, रस्सा शेवटच्या घासापर्यंत गरम राहतो, थंडीत आधी दोन्ही हात त्या वाटीभोवती जातात. रेस्टॉरंट हा शब्दसुद्धा मुळात ताकद भरून आणणाऱ्या सूपवरूनच आलाय, १८व्या शतकातल्या पॅरिसमधला.

शेवटची_ऑर्डर:
किचन बारच्या आधी तासभर बंद करू नकोस, प्लीज. दारू शोषली जाते ती मुख्यतः लहान आतड्यात, पोटात अन्न असलं की ती तिथे सावकाश पोचते आणि एकदम चढत नाही. उपाशीपोटी पिणारा सगळ्यात उशिरा येतो आणि नेमकी तेव्हाच शेगडी बंद असते. शेवटच्या तासाला तीनच पदार्थ ठेव, पण गरम ठेव.

झारा_आणि_कढई:
सगळ्यांचे खूप आभार. @वही_आणि_पेन, काल बसून मागच्या महिन्याची बिलं काढली, चौसष्ट पदार्थ महिनाभरात पाचपेक्षा कमी वेळा गेलेत. मालकांनी बघितलं, काही बोलले नाहीत, पण मेनूकार्ड छापायला थांबवलंय. अर्धी प्लेट नक्की. थर्मामीटर आणि सहा उथळ ट्रे आज आणले. वाट्या ओव्हनवर बसतील का तेवढं उद्या मोजून बघतो.